डोळे मिटले की घोटा मुरगळतानाच दिसतो. मनातला सराव चालू ठेवू का?

एकेरी साखळी (प्रश्न)

नमस्कार. मी वाळवा तालुक्यातली, वय २०, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सातवीपासून खो-खो खेळते. संरक्षणात पहिल्या तुकडीत असते आणि एकेरी साखळी, म्हणजे ओळीत बसलेल्या गड्यांमधून नागमोडी पळत जाणं, हा माझा खेळ. प्रश्न उजव्या घोट्याचा आहे. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट सांगता येणार नाही.

पहिल्यांदा पाय मुरगळला तेव्हा मी अकरावीत होते. मैदानावर पाणी मारलं होतं आणि खांबाजवळ एका बाजूला माती ओलीच राहिली होती. उजवीकडे हूल देऊन डावीकडे निघायचं म्हणून उजवा पाय टेकला, तळवा आत वळला आणि सगळा भार घोट्याच्या बाहेरच्या बाजूवर आला. कट्ट असा आवाज मला ऐकू आला. संध्याकाळपर्यंत सूज एवढी आली की घोट्याचं हाड दिसेना. आजीने आंबेहळद उगाळून लेप लावला, दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला, हाड शाबूत होतं. डॉक्टरांनी तीन आठवडे खेळू नको म्हणून सांगितलं होतं. अठराव्या दिवशी मी क्रेप बँडेज बांधून मैदानात होते, कारण जिल्हा स्पर्धा होती. मला कुणी जबरदस्ती केली नव्हती, मीच गेले.

त्यानंतर मोजून सहा वेळा पाय गेला. खेळताना फक्त दोनदा. एकदा एसटीतून उतरताना, एकदा उसाच्या सरीत, एकदा कॉलेजच्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर. आणि शेवटचा घरच्या अंगणात. अनवाणी होते, हातात पाण्याची कळशी होती, जमीन शेणाने सारवलेली, एकदम सपाट. तिथे पाय मुरगळायला काही कारणच नव्हतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा रडले. दुखण्याने नाही, आता चालतानासुद्धा पायाकडे बघत चालायचं का, या विचाराने.

आता फिजिओंकडे जाते. एमआरआयमध्ये बाहेरच्या बाजूचा पुढचा लिगामेंट फाटून सैल जुळलेला दिसतो, पूर्ण तुटलेला नाही. त्यांनी नऊ प्रश्नांचा एक फॉर्म भरून घेतला, एकूण ३० गुण. डाव्या पायाला २९ आले, उजव्याला १५. व्यायाम चालू आहेत: एका पायावर उभं राहणं, रबरबँडने तळवा बाहेर ओढणं, चवड्यावर चढणं-उतरणं. पाच आठवडे झाले. दोन आठवड्यांपूर्वी त्यांनी आणखी एक गोष्ट दिली. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं आणि मनात साखळी पळायची.

अडचण इथेच आहे. मी डोळे मिटते, पहिल्या चौकटीपासून निघते, दुसरी, तिसरी, चौथी नीट होते. पाचव्या गड्याजवळ डावीकडे वळायचं असतं, आणि तिथे प्रत्येक वेळी पाय मुरगळतो. मी ठरवून काही आणत नाही. तो आवाजसुद्धा ऐकू येतो. मग पुन्हा पहिल्यापासून निघते, पुन्हा तिथेच. परवा सलग सात वेळा झालं. छातीत धडधडायला लागलं म्हणून उठून गेले.

माझे दोन प्रश्न. असं बसून विचार केल्याने घोटा खरंच सुधारतो का? आणि मी जे बघतेय त्याने उलट मुरगळण्याचाच सराव होतोय का? फिजिओंची पुढची वेळ अकरा दिवसांनी आहे. आमच्या सरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, खेळ मैदानात येतो, चटईवर बसून येत नाही. त्यांचं मन मोडवत नाही आणि हा व्यायाम सोडवतही नाही.

कातळवाट

ताई, मी खेळाडू नाही, ट्रेकर आहे. पण तुमचं अंगण वाचून थांबलो. माझा डावा घोटा राजगडावरून उतरताना गेला होता, मग तीन वर्षं उंच बुटांशिवाय घराबाहेर पडलो नाही. बूट घातला की बरं वाटायचं, काढला की पाय परका. शेवटी पाय सावरला तो एका पायावर उभं राहून दात घासण्याने, रोज, कंटाळा येईपर्यंत. मनातल्या सरावाबद्दल मला काही ठाऊक नाही, जाणकारांनी सांगावं, मीही वाचतोय. एवढंच विचारतो, तुमच्या मनातल्या मैदानावर ती माती अजून ओली आहे का?

एकेरी साखळी

दादा, हो. ओलीच आहे. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

घोट्याची फिजिओ

कातळवाट यांनी फार नेमका प्रश्न विचारला. तिथूनच सुरुवात करते.

मी मिरजेत फिजिओथेरपी करते, निम्म्याहून जास्त पेशंट खेळाडू किंवा शेतकरी. तुझ्या फिजिओंनी दिलेलं बदलण्याचा मला अधिकार नाही. आज फोन करून त्यांना एवढंच सांग की चित्रात पाय मुरगळतोय. अकरा दिवस थांबू नकोस.

तोपर्यंत पूर्ण साखळी मनात पळणं बंद ठेव. सराव बंद करू नकोस, साखळी बंद कर. तुझी शंका रास्त आहे. मुरगळण्याचं चित्र पुन्हा पुन्हा बघून, धडधड सोसून, परत पहिल्यापासून निघण्यात फायदा नाही. चुकलेलं चित्र मनात घोटलं तर पुढच्या प्रत्यक्ष कामगिरीवर त्याचा वाईट परिणाम होतो, हे खेळाच्या मानसशास्त्रात बऱ्याचदा दिसलेलं आहे. यात तुझी चूक काही नाही. घोट्याने सात वेळा जे भोगलं तेच मेंदू तुला दाखवतोय.

आता पहिला प्रश्न, बसून घोटा सुधारतो का. यासाठी घोटा का जातो ते आधी समजून घे. लिगामेंट म्हणजे हाडांना बांधणारी दोरी, असं सगळे सांगतात. पण त्या दोरीत मज्जातंतूंची टोकंही असतात, पाय कुठे आणि किती वळलाय याची बातमी ती वर पाठवतात. १९६५ साली मायकेल फ्रीमन या ब्रिटिश अस्थिशल्यतज्ज्ञाने हीच गोष्ट मांडली: दोरी जुळली तरी बातमी तुटलेली राहते, म्हणून पाय पुन्हा पुन्हा जातो. त्याने पेशंटना डुगडुगणाऱ्या फळीवर उभं केलं. आज आमच्याकडे जो बॅलन्स बोर्ड दिसतो तो त्याच विचारातून आला.

फ्रीमनचं सगळंच आज तसंच्या तसं धरलं जात नाही. बातमी उशिरा पोहोचते हा एक भाग झाला. पाय टेकण्याआधीची तयारीच बिघडलेली असते, हा दुसरा, आणि माझ्या मते तुझ्यासाठी जास्त महत्त्वाचा. नडगीच्या बाहेरच्या बाजूला पेरोनियल स्नायू असतात, ते तळवा बाहेर ओढून धरतात. घोटा आत वळायला लागल्यावर त्यांना जाग आली तर वेळ निघून गेलेली असते. ते आधीच ताठ व्हायला हवेत, पाय हवेत असतानाच. ज्यांचा घोटा वारंवार जातो त्यांचा तळवा चालतानासुद्धा टाच टेकण्याआधीच जरा आत वळलेला सापडतो. म्हणजे सपाट अंगणातही पाय वाकडाच खाली येत असतो. तुझ्या कळशीच्या दिवसाचं कारण बहुतेक हे असेल. अंगणाचा दोष नव्हता.

ही आधीची तयारी मेंदूत ठरते. आणि हालचाल मनात करताना मेंदूतल्या हालचाल आखणाऱ्या बऱ्याच जागा खऱ्या हालचालीसारख्याच कामाला लागतात. १९९२ मध्ये अमेरिकेत यू आणि कोल या दोघांनी करंगळीवर एक प्रयोग केला. एका गटाने चार आठवडे करंगळी जोर लावून बाहेर ओढली, दुसऱ्याने तेवढेच दिवस तसा जोर लावल्याची फक्त कल्पना केली. पहिल्या गटाची ताकद ३० टक्के वाढली, दुसऱ्याची २२. ज्यांनी काहीच केलं नाही त्यांची ३.७. स्नायू न हलवता ताकद वाढली, म्हणजे फरक स्नायूला मिळणाऱ्या हुकमात पडला.

करंगळी म्हणजे घोटा नव्हे, हेही सांगते. मुरगळलेल्या घोट्यावर २००७ मध्ये ग्रीसमधल्या संशोधकांनी नेहमीच्या फिजिओथेरपीबरोबर मनातला सराव देऊन बघितला. स्नायू जास्त वेळ टिकायला लागले, पण तोलामध्ये दोन गटांत फरक दिसला नाही. खेळाडूही थोडेच होते. म्हणून हा सराव व्यायामाच्या जोडीला असतो, त्याच्या जागी कधीच नसतो. एका पायावर उभं राहणं सोडून कुणी नुसतं डोळे मिटून बसलं तर मी त्याला पहिल्यांदा उठवीन. तुझे सर मैदानाबद्दल म्हणतात ते या अर्थाने बरोबरच आहे.

आता काय करायचं. आज एकच गोष्ट कर. डोळे मिट आणि मला सांग, पाचव्या गड्याजवळ तू स्वतःला बाहेरून बघतेस की पायाच्या आतून? तुझ्या लिहिण्यात "दिसतं", "बघतेय", "ऐकू येतं" आहे. "जाणवतं" कुठेच नाही. अंगठ्याच्या मुळाशी दाब कसा येतो, पोटरी कशी ताणते, बुटाची बाहेरची कड घोट्याखाली कशी लागते, हे जाणवायला हवं. बाहेरून बघितलं तर तो सिनेमा होतो आणि सिनेमात शेवट ठरलेला असतो.

दुसरं, मोबाइलवर वेळ लाव. मैदानात आठ चौकटींची साखळी पळायला तुला जेवढे सेकंद लागतात, मनातही जवळजवळ तेवढेच लागायला हवेत. अर्ध्या वेळात संपत असेल तर तू पाय टेकतच नाहीयेस, चित्रावरून घसरत चालली आहेस.

तिसरं, जागा कोरडी कर. हे तुझ्या हातात आहे. मनातल्या मैदानावर ऊन येऊ दे, माती वाळू दे. मग साखळी नकोच, एकच पाऊल घे. चौथ्या आणि पाचव्या गड्याच्या मधे उभी राहा, उजवा पाय उचल, हवेत असतानाच तळवा किंचित बाहेर धर, अंगठ्याच्या मुळावर टेक. बस. हे जमलं की वळण अगदी हळू, चालण्याच्या वेगाने. वेग हळूहळू खऱ्याइतका व्हायला हवा, पण शेवटी. चित्र बिघडायला लागलं असं वाटताच, पूर्ण मुरगळायच्या आधी, थांबव. डोळे उघड, खरा पाय जमिनीवर टेकवून दाब घे, आणि तीन पावलं मागून पुन्हा निघ. दोनदा बिघडलं की त्या वेळेपुरतं बंद. दहा मिनिटं भरायची नाहीत, चार चांगली मिनिटं पुरतात.

शक्य असेल तर बसू नकोस, उभी राहा, खेळायचेच बूट घाल आणि मैदानाच्या कडेला कर. जागा, बूट, उभं राहणं, वेग जितके खऱ्यासारखे तितका हा सराव लागू पडतो. २००१ मध्ये होम्स आणि कॉलिन्स या खेळाच्या मानसशास्त्रज्ञांनी यासाठी पेटलेप नावाचा आराखडाच मांडला, त्यातल्या बऱ्याच गोष्टी याच आहेत.

आणि घोटा कधी अडकत असेल, आत काही सरकल्यासारखं होत असेल किंवा रोज संध्याकाळी सूज येत असेल तर त्याला मनातला सराव उत्तर नाही. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखव.

जुना गडी

मी ४३ वर्षांचा. बारा वर्षं खो-खो खेळलो, आता शाळेत मुलांना शिकवतो. या पोरीच्या सरांबद्दल कुणी वाईट बोलू नये म्हणून लिहितोय. आम्ही असेच वाढलो. पाय लचकला की दोन जण धरायचे, तिसरा ओढायचा, वर घट्ट बँडेज, की पुन्हा पाटीवर. मी सहा वर्षं तसा खेळलो. आज शाळेचा जिना उतरताना कठड्याला हात लावावा लागतो. घोटा सकाळी गरम पाण्याशिवाय मोकळा होत नाही. त्यामुळे आमच्या पिढीने जे शिकवलं त्यातलं हे एक सोडून द्यावं, असं मी मुलांना सांगतो.

बाळ, एक अनुभव सांगतो. आम्ही आक्रमणाला चौकटीत उकिडवे बसलेलो असतो, तोंड एकाचं इकडे तर शेजाऱ्याचं तिकडे. तेव्हा पाठीमागून खो येण्याआधी अंग काय करतं बघ. कान मागे असतात, टाच उचललेली असते, आणि अंगात धावणं आधीच सुरू झालेलं असतं, खो यायच्या आत. चांगला गडी खो मिळाल्यावर उठत नाही, तो आतून उठलेलाच असतो. फिजिओताई ज्याला आधीची तयारी म्हणतात ती हीच असणार. तुला हे सातवीपासून येतं. फक्त घोट्यासाठी ते पुन्हा करायचंय.

सरांना असं सांग: सर, मी मैदानातच करते, कडेला उभी राहून, तुम्ही वेळ लावा. शिट्टी त्यांच्या हातात दे. ज्यांनी तुला साखळी शिकवली त्यांना पाचव्या गड्याजवळचं वळण तुझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पाय कुठे पडायला हवा ते त्यांच्याकडून ऐक आणि त्यांच्या आवाजात मनात ठेव.

एकेरी साखळी

तीन आठवड्यांनी लिहितेय. फिजिओंना त्याच दिवशी फोन केला होता. त्यांनी लगेच बोलावलं, आणि साधारण ताईंनी लिहिलं तसंच बदलून दिलं.

वेळ लावली तेव्हा मला धक्का बसला. पाय दुखायच्या आधीची माझी साखळी सरांच्या वहीत ११ सेकंदांची आहे. मनात ५ सेकंदांत संपत होती. आणि मी खरंच स्वतःला बाहेरून बघत होते, खांबाच्या मागून, जिथे सर उभे असतात तिथून. मला माझी पाठ आणि वेणी दिसायची.

आतून करायला गेले तर आणखी वेगळंच झालं. मुरगळणं थांबलं, पण पायच सापडेना. डाव्या पायाची बोटंन् बोटं जाणवतात. उजव्याचं गुडघ्यापर्यंत जाणवतं आणि खाली काहीच नाही, जसं कुणी पुसून टाकलंय. पहिले चार दिवस मी फक्त अंगठ्याचं मूळ शोधत होते. खरा अंगठा जमिनीवर दाबायचा, मग सोडून तोच दाब मनात आणायचा, पुन्हा दाबायचा. पाचव्या दिवशी सकाळी आला. आईला हाक मारून सांगितलं. तिला काय कळलं माहीत नाही, पण ती हसली.

ऊन आणायला वेळ लागला. शेवटी मी मे महिना आणला, शाळेचं मैदान, दुपारचं, तापलेली भुसभुशीत माती, पायाखाली धूळ उडणारी. तिथे एक पाऊल जमतं. गेल्या सोमवारपासून चालण्याच्या वेगाने वळणही जमतं. पाच वेळांतून एखाद्या वेळी पाचव्या गड्याजवळ पोट आवळतं, तेव्हा थांबते.

सरांनी शिट्टी घेतली. पहिल्या दिवशी काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्या शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, तू वळताना नजर आधी खाली नेतेस, गड्याच्या खांद्याकडे ठेव. मनातही ठेवली. पाय हलका पडला.

मोजमापही लिहिते, नाहीतर फक्त माझ्या वाटण्यावर जाईल. एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाने पुढे आणि तिरकं मागे किती लांब पोचतो ते फिजिओ टेपने मोजतात. उजव्यावर उभी राहून तिरकं मागे ४ सेंटिमीटर वाढलं, पुढच्या दिशेला काहीच नाही. फॉर्मचे गुण १५ वरून १८. यातलं किती व्यायामाचं आणि किती मनातल्या सरावाचं, ते फिजिओंनाही सांगता येत नाही म्हणाल्या. तीन आठवड्यांत पाय एकदाही गेला नाही, पण मी पळलेही नाही.

ताई, आता मनात वेग वाढवू का? आणि मैदानात कधी?

घोट्याची फिजिओ

पुसलेला पाय सापडला, हे वाचून मला किती बरं वाटलं ते कसं सांगू. "गुडघ्याखाली काही नाही" हे मी पेशंटच्या तोंडून बरेचदा ऐकते. तू शोधलास तसा थोडेच जण शोधतात.

मनात वेग वाढव, पण वेळ लावून: आधी २० सेकंदांची साखळी, मग १७, मग १४. वळणाशी पोट आवळलं की त्याच वेगावर चार दिवस राहा. ११ वर पोचायची घाई नको.

मैदानाचं तुझ्या फिजिओंनी ठरवायचं. मी त्यांच्या जागी असते तर पुढच्या दिशेचं अंतर डाव्या पायाच्या जवळ येईपर्यंत आणि एका पायावर उडी मारून उतरताना गुडघा न डगमगेपर्यंत डावीकडचं वळण दिलं नसतं. सरळ धावणं त्याआधी सुरू होईल. पहिली खरी साखळी गडी न बसवता, चौकटींवर विटा ठेवून, चालत कर. घोट्याला टेप किंवा ब्रेस असू दे, त्यात कमीपणा नाही. प्रत्येक चालत्या फेरीआधी एकदा डोळे मिटून तीच फेरी कर, मग पाऊल उचल.

विटा ठेवायला सरांनाच सांग. पाचवी वीट कुठे ठेवायची ते त्यांना बरोबर कळेल.

कातळवाट

मी पण काल जिना उतरताना अंगठ्याचं मूळ शोधलं. डावीकडे सापडायला तीन पायऱ्या लागल्या. ताई, विटांच्या दिवशी इथे लिहा.

एकेरी साखळी

लिहीन, दादा. सर म्हणाले रविवारी सकाळी सात वाजता, ऊन चढायच्या आत. मी म्हटलं नऊला या सर, मला ऊन हवंय.